पित्ताशयाचा कर्करोग: २०१८ ते २०२० मध्ये जगातले रुग्ण निम्मे झाले का? (पन्नास वर्षांचे कल वाचताना)

दरलाखी

पित्ताशयाच्या कर्करोगाबद्दल दोन परस्परविरोधी वाक्यं सगळीकडे फिरत असतात. एक, "हा आजार झपाट्यानं वाढतोय." दोन, "जगभर याचं प्रमाण उतरतंय." दोन्हींना आकड्यांचा आधार दाखवता येतो, म्हणून हा धागा.

आधी सर्वांत मोठा खड्डा दाखवतो. ग्लोबोकॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे देशोदेशीचे अंदाज. त्याच्या २०१८ च्या अंदाजात जगात पित्ताशयाच्या कर्करोगाचे साधारण २ लाख १९ हजार नवे रुग्ण आणि १ लाख ६५ हजार मृत्यू आहेत. २०२० च्या अंदाजात नवे रुग्ण १ लाख १६ हजार आणि मृत्यू सुमारे ८५ हजार. दोन वर्षांत निम्मे! असा कुठलाही चमत्कार झालेला नाही. आधीच्या आकड्यात सी२३ आणि सी२४ हे (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, दहाव्या आवृत्तीतले) दोन्ही कोड धरले होते. सी२३ म्हणजे पित्ताशय, सी२४ म्हणजे यकृताबाहेरच्या पित्तनलिका आणि अँप्युलासकट (पित्तनलिका आतड्यात उघडते ती जागा) बाकीचा पित्तमार्ग. २०२० पासून "पित्ताशय" या ओळीत फक्त सी२३ राहिला. २०२२ चा अंदाज (सुमारे १ लाख २२ हजार नवे, ८९ हजार मृत्यू) २०२० शी जोडता येतो, २०१८ शी नाही.

ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज हा दुसरा मोठा स्रोत पित्ताशय आणि पित्तमार्ग अजूनही एकत्रच धरतो. त्यामुळे त्याचा आकडा ग्लोबोकॅनच्या जवळजवळ दुप्पट दिसला तर दचकू नका. त्याहून जुना डेटा घेतलात, म्हणजे आयसीडीच्या नवव्या आवृत्तीतला १५६ हा कोड, तर तिथेही सगळा पित्तमार्ग एका पोतडीत आहे. देशाने दहावी आवृत्ती कुठल्या वर्षी स्वीकारली ते बघितल्याशिवाय १९८० ते २०२० अशी सलग रेघ ओढू नये.

दुसरी अडचण वयाची. समजा साठीच्या आतल्या बायकांत दर लाखी ३ आणि साठीपुढच्यांत दर लाखी ३०, हे दर तीस वर्षं तसूभरही हलले नाहीत. साठीपुढच्यांचा वाटा १० टक्के असताना ढोबळ दर येतो ५.७. तोच वाटा २० टक्के झाला की दर होतो ८.४. आजार तेवढाच, पण बातमी "४७ टक्के वाढ". म्हणून वयप्रमाणित दरच (एका ठरावीक वयरचनेच्या लोकसंख्येवर बसवलेला) घ्यायचा, आणि तो कुठल्या प्रमाण लोकसंख्येवर बेतलाय तेही बघायचं. कर्करोग नोंदण्या बहुधा सेगी या संशोधकाची जुनी जागतिक लोकसंख्या वापरतात, काही जण जागतिक आरोग्य संघटनेची २००० सालची. दुसरीत म्हाताऱ्यांचं वजन जास्त असल्यामुळे तोच आजार तिथे मोठा दिसतो. दोन तक्ते शेजारी ठेवण्याआधी तळटीप वाचा.

हे दोन खड्डे चुकवले की जगाचं चित्र असं दिसतं: १९९० नंतर रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या खूप वाढली, वयप्रमाणित दर मात्र एकंदरीत उतरला. सुरुवातीची दोन्ही वाक्यं इथून निघतात.

भिंतीपलीकडे

कोडची बाब बरोबर. त्यात एक भर. मृत्यूच्या दाखल्यावर "पित्तमार्गाचा कर्करोग, जागा अनिर्दिष्ट" असं लिहिलं की तो सी२४.९ मध्ये जातो. सीटी-एमआरआय आल्यावर जागा नेमकी सांगता येऊ लागली, मग काही केसेस सी२४.९ मधून सी२३ मध्ये आल्या, काही यकृतातल्या पित्तनलिकांकडे म्हणजे सी२२.१ कडे गेल्या. ही सरकासरक पंधरा-वीस वर्षं चालते आणि आलेखावर हुबेहूब खऱ्या वाढीसारखी दिसते. यावर उपाय म्हणजे सी२२.१, सी२३, सी२४ तिन्हींच्या रेघा एकाच कागदावर काढायच्या. एक चढतेय आणि दुसरी तेवढीच उतरतेय असं दिसलं तर कारण दाखल्यांत शोधा.

शेवगा

पण मग दर उतरण्याचं कारण काय? औषधं सुधारली म्हणून?

दरलाखी

औषधांचा वाटा नगण्य. हा आजार उशिरा सापडतो आणि पसरलेल्या अवस्थेत औषधांनी मिळतात ते महिने. एबीसी-०२ चाचणीत (२०१०) जेमसिटाबिन-सिस्प्लाटिन दिल्यावर मध्यम आयुर्मान ११.७ महिने होतं, नुसत्या जेमसिटाबिनवर ८.१. दिल्लीच्या एम्समधली चाचणी फक्त पित्ताशयाच्या रुग्णांवर होती. तिथे जेमसिटाबिन-ऑक्सालिप्लाटिनवर ९.५ महिने, केवळ आधारोपचारांवर ४.५. त्या रुग्णासाठी हा फरक मोठाच आहे, पण देशाचा मृत्युदर त्यानं हलत नाही.

दर हलवतं ते पित्ताशय काढून टाकण्याचं प्रमाण. अवयवच नाही तर त्याचा कर्करोग नाही, इतकं सरळ. डील आणि बेरल यांनी १९८१ मध्ये अमेरिका, इंग्लंड-वेल्स आणि स्कॉटलंडचे आकडे मांडून दाखवलं की शस्त्रक्रिया वाढल्या तिथे या कर्करोगाचे मृत्यू उतरले.

उलट्या दिशेचा पुरावा चिलीचा. ऐंशीच्या दशकात तिथे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण घटलं आणि या कर्करोगाचा मृत्युदर चढला. एक काळ असा होता की चिलीतल्या बायकांच्या कर्करोगमृत्यूंत पहिला क्रमांक पित्ताशयाचा होता. २००६ मध्ये त्यांच्या सरकारी हमी योजनेत ३५ ते ४९ वयाच्या, खडे असून त्रास होणाऱ्या लोकांसाठी प्रतिबंधक शस्त्रक्रिया आली. मृत्युदर नंतर उतरत गेला, पण सगळं श्रेय योजनेला देता येणार नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं एरवीही प्रमाण वाढलंच असतं.

आपल्याकडे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. त्याचा परिणाम कर्करोगाच्या दरात लगेच शोधू नका. खडा धरण्यापासून कर्करोग होईपर्यंत सहज पंधरा-वीस वर्षं जातात.

टाकादोरा

"अवयवच नाही तर कर्करोग नाही" हे खरं असलं तरी शस्त्रक्रिया वाढल्या की सुरुवातीला रुग्णसंख्या वाढलेलीही दिसते, हे जोडा. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांपैकी साधारण ०.२ ते २ टक्क्यांत पॅथॉलॉजीच्या तपासणीत अनपेक्षित कर्करोग सापडतो. पूर्वी हे कळलंच नसतं, किंवा पाच वर्षांनी पसरल्यावर कळलं असतं. म्हणून शस्त्रक्रिया वाढल्यावर आधी पहिल्या टप्प्यातल्या केसेस वाढतात, मृत्यू मागाहून उतरतात. नव्या रुग्णांचा दर आणि मृत्युदर वेगळ्या दिशेला जाताना दिसले तर ही शक्यता पहिली तपासा.

गंगौघ

भारताचं काय? इथे धागा चिलीत रमलाय.

दरलाखी

भारतात सरासरी हा शब्दच फसवा आहे. २०२० च्या अंदाजात देशात साधारण साडेएकोणीस हजार नवे रुग्ण, म्हणजे जगातल्या दर सहांपैकी एक. पण ते सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम हा पट्टा जगातल्या सर्वाधिक दरांच्या प्रदेशांत मोडतो. गुवाहाटीच्या म्हणजे कामरूप शहरी नोंदणीत बायकांचा वयप्रमाणित दर लाखामागे १५ च्या आसपास, दिल्लीत १२ च्या आगेमागे. चेन्नई-बंगळुरूत तो १ च्या घरात. एकाच देशात दहा-पंधरापट तफावत असलेले कर्करोग फार थोडे. आणखी एक फरक वयाचा. अमेरिकेत हा आजार बहुतांशी सत्तरीतला, उत्तर भारतात पन्नाशीतल्या बायका सर्रास दिसतात.

महाराष्ट्र कमी दराच्या बाजूला. मुंबईची नोंदणी देशातली सर्वांत जुनी, १९६३ पासूनची. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ ची. एवढी जुनी ग्रामीण मालिका देशात दुसरी नाही.

बार्शीलाईट

बार्शीच्या आकड्यांवर कल काढताना हात आखडता घ्या. एखाद्या वर्षी ४ केसेस असतील तर त्या ४ च्या ९५ टक्के विश्वासमर्यादा १.१ ते १०.२ इतक्या रुंद आहेत. पुढच्या वर्षी ८ झाल्या तरी "दुप्पट" हा शब्द वापरायची सोय नाही. १०० केसेस असतील तर मर्यादा ८१ ते १२२, तिथे बोलता येतं. छोट्या नोंदणीत पाच-पाच वर्षांचे गट करायचे.

मुंबईची अडचण वेगळी. नोंदणीत "रहिवासी" म्हणजे त्या भागात किमान एक वर्ष राहिलेला माणूस. उपचारांसाठी बिहारहून आलेला रुग्ण मोजायचा नाही. तो नातेवाइकाचा धारावीचा किंवा नालासोपाऱ्याचा पत्ता देतो, कारण पत्रव्यवहार तिथेच सोयीचा. धारावी मुंबईच्या हद्दीत, नालासोपारा बाहेर. पत्ता तपासणाऱ्यानं "इथे किती वर्षं?" हे विचारलं नाही तर उत्तरेतली केस मुंबईच्या खात्यात पडते. जिथे मूळ दर १ ते ३ आहे तिथे अशा थोड्याशा केसेसही रेघ वर उचलतात. मोठी रुग्णालयं असलेल्या प्रत्येक शहरात हे होतं.

शिवाय छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येनं भागायचं ती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०११ नंतरचे सगळे दर अंदाजित लोकसंख्येवर. वेगानं वाढणाऱ्या शहरात अंदाज कमी धरला गेला की दर फुगतो. आणि तो फक्त पित्ताशयाचा फुगत नाही. सगळेच कर्करोग एकाच टक्क्यानं वाढलेले दिसले तर छेदावर संशय घ्या.

गंगौघ

जे स्थलांतरित खरोखर वर्षानुवर्षं मुंबईत राहतात त्यांचं काय? इथलं पाणी-अन्न मिळालं की त्यांचा धोका इथल्यासारखा होतो का?

बार्शीलाईट

पूर्ण नाही. टाटा स्मारक रुग्णालयातल्या अभ्यासात जन्मस्थान पाहिलं गेलं. जास्त दराच्या प्रदेशात जन्मून इकडे आलेल्यांत धोका इथल्या मूळच्या लोकांपेक्षा जास्तच राहिला. म्हणजे काहीतरी लहानपणी-तरुणपणी लागतं, किंवा रक्तातून येतं, किंवा दोन्ही. त्याच संस्थेच्या २०१७ च्या जनुकीय अभ्यासात सातव्या गुणसूत्रावरच्या एबीसीबी१-एबीसीबी४ या पित्तघटक वाहून नेणाऱ्या जनुकांच्या भागात दुवा सापडला. चिलीतही असंच: मापुचे या तिथल्या मूळनिवासी वंशाचा वाटा १ टक्क्यानं वाढला की पित्ताशयाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका ३.७ टक्क्यांनी वाढतो.

मोहरीदाणा

साधं उत्तर आहे, मोहरीचं तेल. नकाशा बघा, तेल आणि कर्करोग एकावर एक बसतात.

भिंतीपलीकडे

नकाशे बसतात, पण त्याच पट्ट्यात भूजलात आर्सेनिक आहे, टायफॉइड आहे, गोड्या पाण्यातले मासे आहेत. सगळेच नकाशे एकमेकांवर बसतात. चिली-बोलिव्हियात मोहरीचं तेल कोण खातं? तिथे वाळवलेल्या लाल मिरचीतल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषावर काम झालंय.

तेलाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या करा. एक भेसळ: पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं की सँग्विनारिन हे विष येतं. १९९८ मध्ये दिल्लीत त्यानं जलशोथाची (अंगावर सूज येण्याची) साथ आली होती. दुसरी, तळण्याची पद्धत: मोहरीच्या तेलात मासे खोल तळून खाण्याशी जास्त दराच्या प्रदेशात संबंध दिसलाय. शुद्ध तेल फोडणीला वापरण्याशी याची सरमिसळ नको. आणि तेल शतकानुशतकं खाल्लं जातंय. ते प्रदेशांतला फरक कदाचित सांगेल, काळानुसार झालेला चढ सांगणार नाही. त्यासाठी त्या काळात बदललेलं काहीतरी हवं: हातपंप-कूपनलिका, वाढलेली वजनं.

मोहरीदाणा

कूपनलिकांचा मुद्दा मान्य. भेसळीवर मी ठाम आहे.

शेवगा

आईच्या वयाच्या बायकांना सोनोग्राफीत "खडे आहेत, त्रास नाही" असं सापडतं. कर्करोगाच्या भीतीनं काढून टाकावं का?

टाकादोरा

सरसकट नाही. खडे असलेल्यांपैकी ०.५ ते ३ टक्क्यांनाच पुढे कर्करोग होतो, आणि महाराष्ट्रासारख्या कमी दराच्या भागात खालचा आकडा धरावा. दुसऱ्या पारड्यात मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याची शक्यता, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारात साधारण ३ ते ५. ही इजा आयुष्यभर पुरते.

त्रास नसतानाही काढण्याचा सल्ला कधी? खडा ३ सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल तर. १ सेंटीमीटरच्या आतल्या खड्यांच्या तुलनेत धोका नऊ-दहापट मोजला गेलाय. गाठ (पॉलिप) १० मिलीमीटर किंवा जास्त असेल तर. पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका यांचा जोड जन्मतः चुकीच्या जागी असेल तर. भिंतीत कॅल्शियम बसलेलं "पोर्सेलिन" पित्ताशय असेल तर बहुधा हो, जरी त्यातला धोका जुन्या पुस्तकांत लिहिला होता त्यापेक्षा बराच कमी निघालाय. उत्तरेच्या पट्ट्यातल्या तरुण बाईला खडे असतील तर तिथले बरेच सर्जन लवकर काढतात, आणि त्या हिशेबात ते चूक नाहीत.

सोनोग्राफीच्या कागदावर खड्यांपेक्षा भिंत बघा. उपाशीपोटी ३ मिलीमीटरपर्यंत ठीक. एकाच बाजूला जाड, वेडीवाकडी, किंवा यकृताशी सीमा पुसट असेल तर थेट दुर्बीण घालायची नाही, आधी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी. दीर्घकाळच्या सुजेनंही, विशेषतः झँथोग्रॅन्युलोमॅटस प्रकारात, भिंत अगदी कर्करोगासारखी दिसते, आणि सीटीलाही दर वेळी फरक कळत नाही.

पॅथलॅब

इथे मला घुसायचंच होतं. कल, दर, जॉइनपॉइंट (कलाची रेघ कुठे वळते ते शोधणारी आज्ञावली) हे सगळं ज्या पायावर उभं आहे तो पाया म्हणजे बरणीत पोहोचलेलं पित्ताशय. आणि बऱ्याच ठिकाणी ते पोहोचतच नाही. खडे धुऊन छोट्या बाटलीत नातेवाइकांच्या हातात, पित्ताशयाची पिशवी कचऱ्यात. तपासणीचे पैसे वाचले, पण हजारातल्या दोन ते वीस केसेस ना रुग्णाला कळल्या ना नोंदणीला.

पाठवताना काय करायचं: नातेवाइकांना खडे दाखवायचे असतील तर पिशवी एका सरळ उभ्या कापानं, यकृताला न चिकटलेल्या बाजूनं उघडावी. यकृताकडच्या पृष्ठभागाला कात्री लावू नये, तिथेच खोली मोजायची असते. फॉर्मालिन १० टक्के बफर्ड, नमुन्याच्या दहापट. अर्ध्या बुडालेल्या बंद पिशवीत आतलं अस्तर चोवीस तासांत सडतं, आणि सडलेल्या अस्तरावर डिस्प्लेशिया (कर्करोगाआधीचा पेशीबदल) आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. बंद पिशवीत पित्त तसंच राहिलं तर आणखी वाईट.

लॅबमध्ये: पित्ताशयनलिकेची कड, मान, मधला भाग, टोक यांचे पूर्ण जाडीचे छेद. टोकाचा छेद विसरू नये, गाठी तिथेच जास्त. खरखरीत किंवा कडक जागा बोटाला लागली तर ती वेगळी घ्यायची. डिस्प्लेशिया दिसला की आणखी ठोकळे घ्यायचे. एका छेदावर "दीर्घकालीन दाह" लिहून मोकळं होऊ नये. आणि रोकिटान्स्की-अशॉफ खळग्यांत (अस्तराचेच भिंतीत शिरलेले कप्पे) उतरलेलं डिस्प्लेशिया म्हणजे घुसखोरी नव्हे, ही चूक झाली की टप्पा उगाच वर जातो.

शेवगा

अहवालात कर्करोग निघालाच तर? शस्त्रक्रिया तर झालेली असते.

टाकादोरा

अहवालातली खोली बघायची. टी१ए, म्हणजे अस्तराच्या लॅमिना प्रोप्रियापर्यंतच, आणि नलिकेची कड स्वच्छ: झालेली शस्त्रक्रिया पुरेशी. टी१बी म्हणजे स्नायूत शिरलेला, किंवा त्यापुढचा: पुन्हा शस्त्रक्रिया. पित्ताशयाला टेकलेला यकृताचा भाग (सेगमेंट ४बी आणि ५) आणि पित्तनलिकेभोवतीच्या लसिकाग्रंथी, किमान ६. टी२ (स्नायूपलीकडच्या थरात गेलेला) असेल तर गाठ यकृताच्या बाजूला की पोटाच्या बाजूला हे अहवालात हवंच, यकृताच्या बाजूची जास्त वाईट वागते. त्याआधी छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीनंतर ४ ते ८ आठवड्यांत झालेली बरी. फार घाई केली तर दडलेला प्रसार अजून दिसत नाही, फार उशीर केला तर वेळ हातची जाते. दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागा सरसकट कापून काढायची पद्धत आता मागे पडली.

पहिल्या शस्त्रक्रियेत पित्त सांडलं होतं का आणि पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढलं होतं का, या दोन गोष्टी शस्त्रक्रियेच्या नोंदीत शोधा. सांडलं असेल तर पोटाच्या पडद्यावर आणि छिद्रांत आजार परतण्याची शक्यता वाढते. नोंदीत लिहिलेलं नसेल तर ज्यांनी केली त्यांना फोन करून विचारायचं.

गंगौघ

मूळ विषयाकडे: भारतातले *मृत्यू* वाढले की घटले? प्रत्येक लेखात भारताचा मृत्युदर दिलेला असतो.

दरलाखी

तो मोजलेला नाही, काढलेला आहे. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम एक पंचमांशाला डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण असतं, त्यातही शहरी रुग्णालयांचा भरणा. त्यामुळे ग्लोबोकॅनमध्ये भारताचे मृत्यू नव्या रुग्णांना अंदाजित मृत्यू-रुग्ण गुणोत्तरानं गुणून येतात. जगाचं मृत्यू-रुग्ण गुणोत्तर २०२० मध्ये ०.७३ आणि २०२२ मध्येही ०.७३. भारतासाठी नव्या रुग्णांची रेघ आणि मृत्यूंची रेघ समांतर दिसली तर त्यातून दुसरा पुरावा मिळाला असं समजू नका, ती एकाच रेघेची सावली आहे. चिली, जपान, पूर्व युरोप इथले मृत्यूचे कल खऱ्या दाखल्यांवरचे आहेत, म्हणून मृत्यूंबद्दल ठाम बोलायचं तर त्या देशांबद्दलच.

भारतासाठी नव्या रुग्णांच्या दरावर थांबा, तोही एकेका नोंदणीचा. दिल्लीची मालिका लांब आहे. वाराणसीची २०१७ पासूनची, तिथे अजून कल काढण्याइतके बिंदू नाहीत.

बार्शीलाईट

किती बिंदू हवेत ते सांगून टाकतो, कारण जॉइनपॉइंट फुकट मिळतं आणि मग कोणीही आठ वर्षांच्या डेटावर तीन मोड काढतं. ७ ते ११ वर्षं असतील तर जास्तीत जास्त १ मोड, १२ ते १६ ला २, १७ ते २१ ला ३. सातहून कमी वर्षांना सरळ रेघच. दराबरोबर प्रमाणत्रुटीचा (स्टँडर्ड एरर) स्तंभ द्यायचा, नाहीतर ४ केसेसचं वर्ष आणि ९० केसेसचं वर्ष सारख्याच वजनानं धरलं जातं. एखाद्या वर्षी शून्य केसेस असतील तर लॉग घेता येत नाही. तिथे ०.५ मिळवण्यापेक्षा शेजारची वर्षं एकत्र करा. बायका आणि पुरुष वेगवेगळे चालवा. बायकांत हा आजार बऱ्याच ठिकाणी दोन-तीनपट असतो, त्यामुळे एकत्र रेघेत पुरुषांचा कल बुडून जातो.

शेवगा

सी२३ आणि सी२४ वेगळे दिलेली नोंदण्यांची तालिका कुठल्या अहवालात मिळेल?

बार्शीलाईट

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अहवालांत प्रत्येक नोंदणीचा स्वतंत्र तक्ता असतो, कोडनिहाय आणि पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत. "पित्ताशय इ." अशी ओळ दिसली तर कोडचा स्तंभ बघा. सी२३-सी२४ असं असेल तर ते दोन कोड त्या तक्त्यातून सुटे करता येत नाहीत, दुसरं वर्ष घ्या.